अम्मानला निघण्याआधी: जे मूल शाळेत नाही तिथून सुरुवात कर

प्रिय मैत्रिणी,

अम्मानमधल्या समावेशक, म्हणजे प्रत्येक मुलाला नेहमीच्या शाळेत घेणाऱ्या, शिक्षणाच्या कामात तू रुजू होणार हे वाचून फार आनंद झाला. तू पत्रात विचारलेला 'अरब समाजातली समता' हा विषय बावीस देशांचा आहे आणि मोरोक्कोतला खेडेगावचा प्रश्न अम्मानच्या टेकडीवर जसाच्या तसा सापडत नाही. म्हणून मी जॉर्डनपुरतंच लिहिते. तुला मराठी शाळांचा अनुभव आहे. त्यातलं काही तिथे उपयोगी पडेल, काही आडवं येईल.

कायदा आधी वाच, कारण तो चांगला आहे. जॉर्डनने अपंग व्यक्तींच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार २००८ मध्ये मान्य केला. २०१७ च्या कायदा क्रमांक २० नुसार अपंगत्वाच्या कारणावरून कोणत्याही मुलाला शिक्षणसंस्थेबाहेर ठेवता येत नाही. त्या पायावर २०२० मध्ये समावेशक शिक्षणाचा दहा वर्षांचा आराखडा जाहीर झाला. कायद्यातल्या शिक्षणाच्या कलमांची अरबी प्रत पिशवीत ठेव. मुख्याध्यापिका, म्हणजे तिथली 'मुदीरा', बहुतेक वेळा वाईट हेतूने नकार देत नाही. वरच्या कार्यालयाने विचारलं तर काय दाखवायचं, ही तिची भीती असते. कलम समोर ठेवलं की तिलाच आधार मिळतो. 'तरतीबात तैसीरिय्या', म्हणजे मुलाच्या गरजेप्रमाणे केलेली वाजवी सोय, हा शब्द पाठ कर. जादा वेळ, मोठी अक्षरं, पहिल्या बाकावरची जागा हे सगळं त्यात बसतं.

मग मुलं घरी का राहतात? एक कारण असं की ती मोजलीच जात नाहीत. 'घरात कोणी अपंग आहे का' असं विचारलं की आई 'नाही' म्हणून मान हलवते. मुलीच्या लग्नाची, शेजाऱ्यांची, घराच्या नावाची काळजी त्या एका शब्दाला चिकटलेली असते. भारताच्या २०११ च्या जनगणनेत अपंगत्वाबद्दल थेट विचारलं गेलं आणि आकडा २.२१ टक्के आला. जॉर्डनने २०१५ मध्ये पाहणं, ऐकणं, चालणं, लक्षात ठेवणं यांत अडचण होते का असं विचारलं, तेव्हा पाच वर्षांवरच्या लोकसंख्येत तो सुमारे ११ टक्के आला. या फरकाचा मोठा भाग प्रश्नातून आलेला आहे.

मुलांसाठी युनिसेफ आणि वॉशिंग्टन ग्रुप (अपंगत्व कसं मोजायचं ते ठरवणारा आंतरराष्ट्रीय गट) यांची स्वतंत्र प्रश्नावली आहे: २ ते ४ वर्षांसाठी एक, ५ ते १७ साठी दुसरी. उत्तरं आईकडून किंवा सांभाळणाऱ्या व्यक्तीकडून घ्यायची. 'चष्मा लावूनही दिसायला अडचण होते का?' आणि पर्याय चार: अडचण नाही, थोडी, खूप, अजिबात जमत नाही. शेवटचे दोन मोजायचे. बिघडतं ते इथे: कार्यकर्ते घाईत प्रश्न गाळतात, 'थोडी' हाही होकार धरतात किंवा अडचणीऐवजी 'मुआक' म्हणजे 'अपंग' हा शब्द घुसवतात आणि उत्तर लगेच 'नाही' होतं. चिंता आणि उदासी यांचे प्रश्न वेगळे आहेत. तिथे 'किती वेळा' असं विचारतात. सीरियातून आलेल्या कुटुंबांत या दोन प्रश्नांनी एकूण आकडा खूप फुगतो, म्हणून तो भाग अहवालात वेगळा दाखव. नाहीतर चाकाची खुर्ची लागणारं मूल त्या बेरजेत हरवेल.

आणि ही चौकशी शाळेत बसून करू नकोस. शाळेत असतात ती आलेली मुलं. तू घरी जा. पालकांना त्यांच्या थोरल्या मुलाच्या नावाने हाक मार, उम्म अहमद, म्हणजे अहमदची आई, अबू खालिद, म्हणजे खालिदचे वडील. कॉफीला पहिल्या मिनिटात नाही म्हणू नकोस, आणि मुलासमोर त्याच्या अडचणीचा पाढा वाचू नकोस.

आता घरापासून वर्गापर्यंतची वाट. सरकारी शाळांना साधारणपणे बस नसते आणि अम्मान चढउतारांचं शहर आहे. ज्या मुलाला चालता येत नाही त्याच्यासाठी खासगी व्हॅनचं भाडं हीच खरी फी असते. प्रकल्पाचं अंदाजपत्रक बनवताना प्रवासाचा आकडा सर्वांत आधी लिही. प्रशिक्षणं आणि पत्रकं यांच्यानंतर उरलेल्या पैशात प्रवास कधीच मावत नाही.

शाळेत पाच मीटरची टेप घेऊन जा. चाकाच्या खुर्चीसाठीच्या उताराचं प्रमाण एकास बारा, म्हणजे १५ सेंटीमीटरच्या तीन पायऱ्यांसाठी ५.४ मीटर लांबीचा उतार. अम्मानमधल्या कितीतरी सरकारी शाळा राहत्या घरांच्या भाड्याच्या इमारतींत भरतात. फाटक आणि दार यांच्यात तेवढी जागाच नसते. मग ठेकेदार दोन मीटरचा घसरगुंडीसारखा उतार बांधतो, फोटो निघतो, आणि त्यावरून खुर्ची ढकलायला दोन माणसं लागतात. जिथे जागा नाही तिथे दारासाठी दुसरा मार्ग शोध, आणि वर्ग वरच्या मजल्यावर असेल तर वर्गच तळमजल्यावर आण. त्याला पैसा लागत नाही, मुदीराची एक सही लागते, आणि ती वर्षारंभीच मिळते. वेळापत्रक लागल्यावर कोणी खोल्या बदलत नाही.

स्वच्छतागृहाचं दार किमान ८० ते ९० सेंटीमीटर मोकळं हवं आणि बाहेर उघडणारं हवं. आत खुर्ची वळायला दीड मीटर व्यासाची जागा हवी. मापं बरोबर असली तरी आत जाऊन बघ. ती मोठी खोली झाडू-बादल्यांचं कोठार झालेली असते, किल्ली शिपायाच्या खिशात असते. अम्मानला नळाचं पाणी रोज येत नाही, आठवड्यातून ठरलेल्या दिवशी गच्चीवरच्या टाक्या भरतात. त्यामुळे पाणी येण्याच्या आदल्या दिवशी पुन्हा बघ. स्वच्छतागृह वापरता येणार नाही हे माहीत असलेलं मूल सकाळपासून पाणी पीत नाही. हे तुला कोणी आपणहून सांगणार नाही, विचारावं लागेल.

वर्गात शिरल्यावर खरा अवघड भाग सुरू होतो, तो भाषेचा. घरी बोलतात ती जॉर्डनची किंवा सीरियाची बोली, पुस्तकात असते ती प्रमाण अरबी, 'फुस्हा'. वऱ्हाडी घरातल्या मुलाला पुस्तकी मराठी जितकी परकी वाटते त्याहून हे अंतर बरंच मोठं आहे, कारण फुस्हा कोणाच्याच घरी बोलली जात नाही. त्यात अक्षरांची रूपं शब्दातल्या जागेनुसार बदलतात. बा, ता, सा यांच्यात फरक फक्त टिंबांचा, तोही टिंब वर की खाली आणि किती, एवढाच. ऱ्हस्व स्वर अक्षरांवर खुणा करून दाखवतात. खालच्या इयत्तांच्या पुस्तकांत त्या खुणा असतात, पुढे हळूहळू काढून घेतात. तेव्हा आतापर्यंत वाचणारं मूल अचानक अडखळतं, आणि शिक्षक म्हणतात 'कसूल', आळशी आहे.

त्या मुलाला शिक्का लावण्याआधी तीन गोष्टी करून घे. आधी डोळे आणि कान तपास, निदान त्याला पुढच्या बाकावर बसवून एक आठवडा बघ. मग अनोळखी पण सोपा एकच उतारा दोनदा वाचायला दे, एकदा खुणांसह, एकदा खुणांशिवाय, प्रत्येकी एक मिनिट, आणि बरोबर शब्द मोज. दोन वाचनांत काही दिवसांचं अंतर ठेव, नाहीतर पाठांतर मोजलं जाईल. शेवटी तोच मजकूर त्याच्या बोलीत वाचून दाखव आणि अर्थ विचार. बोलीत सगळं समजतं आणि फुस्हात अडतं, तर प्रश्न शब्दसंपत्तीचा आहे. दोन्ही वाचनांत टिंबांचीच गल्लत होते, तर अक्षरओळखीवर परत जावं लागेल. बोलीतही अर्थ लागत नसेल, तर तज्ज्ञाकडे पाठव. शिक्षकांना मात्र एवढंच सांग, की खुणा लावलेली प्रत काही मुलांना वर्षभर जास्त द्यायला हरकत नाही. ते कमीपणाचं लक्षण नाही.

अंध मुलांबाबत एक गोष्ट नव्या शिक्षकांना गोंधळात टाकते. छापील अरबी उजवीकडून डावीकडे जाते, अरबी ब्रेल मात्र डावीकडून उजवीकडे वाचतात. शेजारचं डोळस मूल 'ओळीच्या सुरुवातीला ये' म्हणालं की दोघांची सुरुवात वेगळ्या टोकाला असते. शिक्षकाने ओळीचा क्रमांक सांगावा, बाजू सांगू नये.

बहिऱ्या मुलांसाठी ओठ वाचण्यावर भिस्त ठेवू नकोस, अरबीतले कितीतरी आवाज घशात तयार होतात, ओठांवर दिसतच नाहीत. जॉर्डनची स्वतःची सांकेतिक भाषा आहे, तिचं व्याकरण अरबीपेक्षा वेगळं आहे. म्हणजे त्या मुलासाठी लेखी अरबी ही दुसरी भाषा. दुभाषी थोडे आहेत. सॉल्ट गावात १९६४ पासून बहिऱ्या मुलांची संस्था आहे, तिथल्या बहिऱ्या प्रौढांना तुझ्या प्रशिक्षणात शिकवायला बोलाव, आणि मानधन दे.

अनेक शाळांत 'गुर्फत मसादिर' असते, जादा मदतीची खोली. ती दिसली की अहवालात लगेच बरोबरची खूण करू नकोस. मुलाला कोणत्या तासातून उठवून नेतात ते विचार. खेळ आणि चित्रकलेच्या तासातून नेलं तर त्याची मैत्री तुटते, अरबीच्या तासातून नेलं तर तो वर्गाच्या मागे राहतो तो राहतोच. सर्वांत वाईट म्हणजे सकाळी आत गेलेलं मूल घरी जायच्या वेळीच बाहेर येतं. खासगी शाळांत 'सावली शिक्षिका', म्हणजे एकाच मुलाबरोबर बसणारी शिक्षिका, असते आणि तिचा पगार पालकांकडून मागतात. ती आली की वर्गशिक्षिका त्या मुलाशी बोलणंच बंद करते. अशी व्यवस्था असेल तर सावली शिक्षिकेने पूर्ण वर्गाला मदत करावी आणि वर्गशिक्षिकेने रोज काही वेळ त्या मुलाबरोबर बसावं, हे लेखी ठरवून घे.

निर्वासित मुलांचं चित्र वेगळं आहे. झातरी छावणी २०१२ मध्ये उघडली, अझराक २०१४ मध्ये, पण बहुतेक सीरियन कुटुंबं छावणीबाहेर, शहरांत राहिली. त्यांच्यासाठी सुमारे २०० शाळा दोन पाळ्यांत चालवल्या गेल्या: सकाळी जॉर्डनची मुलं, दुपारी सीरियन. जागा मिळाली हे मोठं काम झालं, तरी दुपारच्या पाळीत तास लहान, खेळ जवळपास नाही, आणि दोन्ही गटांतल्या मुलांची भेट फाटकावरच. फाटकावरची मारामारी हे मुलं शाळा सोडण्याचं खरं कारण असू शकतं. दोन पाळ्यांमधला अर्धा तास आणि रस्त्यावरचा पहिला कोपरा यांवर प्रौढ माणूस उभं करणं हा तुझा सगळ्यात स्वस्त उपाय असेल.

तीन वर्षांचा नियम नीट लक्षात ठेव: सलग तीन किंवा त्याहून जास्त वर्षं शाळा चुकली की नेहमीच्या वर्गात परतता येत नाही, अनौपचारिक शिक्षणाकडे वळावं लागतं. ९ ते १२ वयासाठी भरपाईचे वर्ग, त्यापुढे मुलग्यांना १८ आणि मुलींना २० वर्षांपर्यंत शाळा सुटलेल्यांसाठीचा कार्यक्रम. म्हणून घरी गेलीस की 'शाळेत जातो का' एवढ्यावर थांबू नकोस, शेवटचा वर्ग कोणता आणि कोणत्या साली ते लिहून घे. अडीच वर्षं झालेलं मूल तुझ्या यादीत सर्वांत वर हवं.

मुलगे आणि मुली यांच्याबद्दल आपल्याकडचे ठोकताळे तिथे चुकतात. जॉर्डनमध्ये मुली परीक्षांत मुलग्यांपेक्षा स्पष्टपणे पुढे आहेत, आणि तरी नोकरी-व्यवसायात असलेल्या किंवा काम शोधणाऱ्या बायका सुमारे १५ टक्केच. मुलग्यांच्या शाळांत मारझोड जास्त, गळती कामाच्या ओढीने. कामाचं किमान वय १६ आहे, पण गॅरेजमध्ये, मंडईत त्याहून लहान मुलगे दिसतील. मुलींसाठी लग्नाचं वय १८, मात्र शरिया न्यायालय १६ नंतर अपवाद करू शकतं. या अपवादाच्या २०१७ च्या नियमांत लग्नामुळे शाळा तुटू नये अशी अट आहे. लग्न ठरल्यावर शाळा मुलीचं नाव गुपचूप कमी करते तेव्हा हीच अट दाखव.

गरिबीवर रोख मदतीचा विचार निघेल. त्यात मोरोक्कोचा 'तैसीर' कार्यक्रम अभ्यासण्यासारखा आहे. २००८ पासून खेड्यांतल्या कुटुंबांना इयत्तेप्रमाणे मुलामागे महिना ६० ते १०० दिरहम दिले. 'हे शिक्षणासाठी आहेत' एवढंच सांगून दिलेले पैसे हजेरीची अट घातलेल्या पैशांपेक्षा कमी पडले नाहीत. हजेरी तपासण्याच्या कागदांवर खर्च करू नकोस.

एक समूह कोणत्याच यादीत नसतो: दोम. त्यांची दोमारी ही आपल्या मराठीसारखीच आर्य कुळातली, भारतातून गेलेली भाषा आहे. लोक त्यांना 'नवर' म्हणून हिणवतात, आणि म्हणून शाळेत गेलेली दोम मुलं आपण कोण ते लपवतात. आपल्याकडच्या भटक्या-विमुक्तांच्या पालांवर काम केलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. त्यांना 'तू दोम आहेस का' असं वर्गात कधीच विचारू नकोस. नोंदणीत वंशाचा रकाना ठेवू नकोस, वस्तीचा ठेव.

कामाचा आठवडा रविवार ते गुरुवार. शाळेत पाऊल टाकण्याआधी मंत्रालयाकडून निघून 'मुदीरिय्या'त, म्हणजे जिल्हा कार्यालयात पोचलेलं अधिकृत पत्र लागतं. त्याला कित्येक आठवडे जातात, आणि त्याशिवाय मुदीरा तुला चहा देईल पण वर्ग दाखवणार नाही. त्या वेळात घरभेटी करून घे.

शेवटी 'तौजीही', म्हणजे शालेय शिक्षणाच्या अखेरची सरकारी परीक्षा. सगळी सोय केलेलं मूल इथे पडतं ते बहुधा तयारीअभावी. लेखनिक मिळतो, जादा वेळ मिळतो, पण सांगून लिहवून घ्यायची सवय नसते आणि मूल पहिला अर्धा तास 'स्वल्पविराम कुठे' यात घालवतं. नववीपासून प्रत्येक घटक चाचणीत तोच लेखनिक, तीच वेळ, तोच मोठा टाइप दे. कोणती सोय कधीपासून दिली त्याची तारखेसह नोंद शाळेच्या फायलीत ठेव, परीक्षेच्या अर्जासोबत जोडायला तीच लागते.

सस्नेह आशीर्वाद.