‘शिवाय’ एक, इंग्रजी शब्द अनेक

प्रश्न : कोल्हापूरच्या उद्यमनगरातील एका फाउंड्रीत मी ग्राहकांशी होणारा इंग्रजी पत्रव्यवहार सांभाळतो. ‘एक्सेप्ट’, ‘एक्सेप्ट फॉर’, ‘बिसाइड्स’ आणि ‘अपार्ट फ्रॉम’ या सर्वांचा अर्थ ‘शिवाय’ असाच सांगितला जातो. कोणता शब्द केव्हा वापरावा?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : घोटाळ्याचे मूळ ‘शिवाय’ या शब्दातच आहे. ‘तुमच्याशिवाय कोणी आले नाही’ या वाक्यात तो वगळण्याचे काम करतो, तर ‘तुमच्याशिवाय आणखी दोघे आले’ या वाक्यात भर घालण्याचे. इंग्रजीत वगळण्यासाठी ‘एक्सेप्ट’ आहे आणि भर घालण्यासाठी ‘बिसाइड्स’. ‘वी मेक एव्हरीथिंग एक्सेप्ट पंप हाउसिंग्ज’ असे लिहिल्यास पंप हाउसिंग आपल्याकडे होत नाही, असे ग्राहक समजेल. ‘वी मेक व्हॉल्व्ह बॉडीज बिसाइड्स पंप हाउसिंग्ज’ लिहिल्यास दोन्ही होतात, असे समजेल. ‘अपार्ट फ्रॉम’ मात्र दोन्हीकडे चालतो, म्हणूनच दरपत्रकात तो टाळावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

‘एक्सेप्ट’ आणि ‘एक्सेप्ट फॉर’ यांतील भेद अधिक नाजूक आहे. ‘ऑल द कास्टिंग्ज एक्सेप्ट टू आर रेडी’ येथे वगळलेले दोन नग त्याच कास्टिंगांपैकी (ओतीव भागांपैकी) असल्यामुळे ‘फॉर’ घातला काय, न घातला काय, अर्थ बदलत नाही. परंतु ‘द कास्टिंग इज गुड एक्सेप्ट फॉर अ ब्लोहोल नियर द फ्लँज’ या वाक्यातील ब्लोहोल, म्हणजे ओतकामात वायू अडकून राहिलेले छिद्र, हे काही कास्टिंग नव्हे. एकूण नग चांगला असून त्यात एवढीच उणीव आहे, असे तेथे सांगायचे असते आणि अशा वेळी ‘फॉर’ लागतोच. नाम वगळून वाक्याची सुरुवात करायची असेल, तरीही ‘एक्सेप्ट फॉर’च लिहावे. याउलट ‘एक्सेप्ट ऑन मंडे’ किंवा ‘एक्सेप्ट दॅट द ड्रॉइंग इज ओल्ड’ अशा रचनांत ‘फॉर’ घालू नये.

आपण विचारले नसले तरी ‘बट फॉर’बाबतही सावध राहावे. ‘बट फॉर युअर हेल्प, वी वुड हॅव लॉस्ट द ऑर्डर’ याचा अर्थ ‘तुमची मदत झाली नसती, तर ऑर्डर हातची गेली असती’ असा होतो. केवळ वगळण्यासाठी लिहिलेल्या ‘एक्सेप्ट’ला ही अट व्यक्त करता येत नाही.