शामोनीला निघालेले सहाजण आणि बाकीचे प्रश्न

यावेळची बरीचशी पत्रं परदेशात ट्रेल रन, म्हणजे डोंगरवाटेवरची रेस, करायला जाण्याबद्दलच आलीत, त्यामुळे गुडघ्याच्या पट्ट्याचे आणि बुटांच्या साइझचे प्रश्न पुढच्या अंकात घेते.

प्रश्न : ताई, आम्ही कोथरूडचे सहाजण आहोत, रोज वेताळ टेकडी आणि रविवारी सिंहगड असं आमचं चालू असतं. जूनच्या शेवटी फ्रान्समधे शामोनीला माँ-ब्लाँ मॅरेथॉनचा वीकेंड असतो, तिथे जायचं घाटतंय. आमच्यातला एकजण म्हणतो की एवढे पैसे घालून जायचं तर सगळ्यांनी ४२ किमीच करायची, २३ पळून काय परत यायचं. पण दोघींनी आत्तापर्यंत फक्त रोडवरच्या हाफ मॅरेथॉन (२१ किमी) केल्यात. वेगवेगळं अंतर घेतलं तर ग्रुपची मजा जाईल का?

उत्तर : मजा जाईल ती त्या दोघींना ४२ ला ढकललंत तर. ट्रेलवर नुसत्या किलोमीटरवर जाऊच नका. आयट्रा म्हणून ट्रेल रनिंगची आंतरराष्ट्रीय संघटना आहे, तिचा हिशोब एकदम सोपा आहे, दर १०० मीटर चढाला एक किलोमीटर धरायचा आणि तो अंतरात मिळवायचा. तिथल्या ४२ ला साधारण २,५०० मीटर चढ असतो, म्हणजे आकडा गेला ६७ च्या घरात. आपल्या भाषेत सांगायचं तर आतकरवाडीतून सिंहगड साधारण सहाशे मीटर, तो एका दिवसात चारदा चढायचा आणि वर कांदाभजी नाहीत. रोडवरची हाफ दोन तासात मारणारी मुलगी इथे त्याच्या कितीतरी पट वेळ सलग पायावर राहील का, हा खरा प्रश्न आहे, तिच्या रोडवरच्या वेगाला इथे कोणी विचारत नाही.

शिवाय कटऑफ असतात. ठरलेल्या वेळेत चेकपॉइंट गाठला नाही तर छातीवरचा नंबर काढून घेतात आणि रेस तिथेच संपते, तिथे 'आम्ही पुण्याहून आलोय हो' चालत नाही. आणि सहाजणांनी एकत्र पळायचं ठरवलं की होतं काय, चढावर एक मागे पडतो, उतारावर दुसरी, पाण्याच्या स्टॉलवर तिसऱ्याचा बूट काढून खडा शोधणं चालू असतं आणि बाकीचे घामाने भिजलेले वाऱ्यात उभे. असं दर स्टॉलला दहा-दहा मिनिटं गेली की सगळेच कटऑफला अडकतात, जो एकटा आरामात पोचला असता तोसुद्धा.

तिथे त्याच वीकेंडला १० किमी, २३, ४२, ९० आणि व्हर्टिकल किलोमीटर असं सगळं असतं. हे शेवटचं प्रकरण भारी आहे, ३.८ किलोमीटरमधे सरळ १,००० मीटर वर! तुमच्यातल्या चढ-वेड्याला ते द्या. रेस वेगवेगळ्या दिवशी वाटलेल्या असतात, त्यामुळे एकजण पळताना बाकीचे रस्त्यात उभं राहून ओरडू शकतात, मला विचाराल तर वीकेंडची अर्धी मजा त्यातच आहे. एकाच रेसमधे दोघं-तिघं असलात तर निघायच्या आधी व्हॉट्सॲपवर स्पष्ट लिहून टाका की कोणी कोणासाठी थांबायचं नाही, पण कोणी पडलं, लागलं तर मात्र थांबायचं, मग तो आपला असो की परका. तोंडी ठरवलेलं स्टार्ट लाइनवर कोणाला आठवत नाही.

आणि ४२ चा हट्ट धरणाऱ्या मित्राला सांगा, आधी आपली सिंहगड-राजगड-तोरणा करून दाखव, मग बोलू.

प्रश्न : मी सिंहगड चढते व्यवस्थित, पण उतरताना जीप घेते कारण दुसऱ्या दिवशी जिना उतरता येत नाही. आल्प्समधल्या रेसला हे चालेल का? (सिंहगड रोड)

उत्तर : जीप बंद करा, आजपासून! पुण्यातल्या निम्म्या लोकांचं हेच आहे, चढाचं कौतुक आणि उताराला जीप. चढताना दम लागतो पण मांड्यांची खरी वाट उतरताना लागते, कारण उतारावर मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच त्याला वजन पेलून ब्रेक मारायचा असतो. त्यातून बारीक इजा होते आणि दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वर येतं. चांगली गोष्ट अशी की शरीर हे पटकन शिकतं, एकदा उतारावर नीट दुखून घेतलं की पुढचे काही आठवडे तेवढ्याच उताराला तेवढं दुखत नाही. म्हणून रेसच्या आधी दोन-तीन महिने दर आठवड्याला उतार हवाच, पण शेवटचा जोरदार उतार रेसच्या दोन आठवडे आधी, त्यानंतर हलकं.

सुरुवात एआरएआयच्या टेकडीवरून करा, एकदम गडावरून नको. पावलं छोटी आणि पटपट टाकायची, मागे रेलायचं नाही, नजर बुटांवर न ठेवता तीन-चार पावलं पुढच्या दगडावर, हात मोकळे, दिसायला विचित्र दिसलं तरी चालेल. मे महिन्यात मुरमावरून पाय सटकतो ना, तीच उत्तम प्रॅक्टिस आहे. गुडघ्यातच दुखत असेल तर मात्र ऑर्थोपेडिककडे जा, माझ्या कॉलमवर विसंबू नका.

प्रश्न : जूनमधे युरोपात उन्हाळाच असतो. मग जॅकेट, फॉइलचं ब्लँकेट, शिट्टी एवढं सगळं कंपल्सरी का? उगाच वजन.

उत्तर : २२ मे २०२१, चीनचा गान्सू प्रांत, १०० किमीची डोंगरातली रेस. सकाळी निघाले तेव्हा बरेचजण हाफ पँट आणि पातळ टीशर्टवर होते, दुपारी वर गारा, पाऊस आणि वादळी वारा आला, १७२ पैकी २१ धावपटू थंडीने गेले. तिथेही मे महिनाच होता.

शामोनी गाव १,०३५ मीटरवर आहे आणि वर जाल तसं दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंश तापमान घसरतं. गावात २० असेल तर दोन हजारावर १३-१४, वर वारा आणि ओला टीशर्ट धरा. दुपारी विजांचा पाऊसही येतो. फॉइलचं ब्लँकेट रुमालाएवढं असतं हो, घाला की बॅगेत. जॅकेट मात्र शिवणीला टेप असलेलं, खरं वॉटरप्रूफ घ्या, आपल्या पावसाळी ट्रेकचं विंडचीटर तपासणीत पास होत नाही. आणि फोनमधे ११२ लक्षात ठेवा, युरोपभर हाच इमर्जन्सी नंबर आहे.

प्रश्न : विमान जिनिव्हाला उतरतं, रेस फ्रान्समधे. व्हिसा कोणाचा काढायचा?

उत्तर : जिथे जास्त रात्री राहणार त्या देशाचा, म्हणजे तुमच्या बाबतीत फ्रान्सचा. दोन्ही देश शेंगेनमधे, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, असल्याने तोच स्वित्झर्लंडलाही चालतो. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज घेतात, एप्रिल-मेमधे अपॉइंटमेंटची मारामारी असते म्हणून आधी उरका. ट्रॅव्हल इन्शुरन्स किमान ३०,००० युरोचा लागतो, पण त्यात डोंगरातली रेस आणि हेलिकॉप्टर रेस्क्यू धरलाय का ते वाचा, साध्या पॉलिसीत बऱ्याचदा नसतं.

प्रश्न : मी पळणार म्हटल्यावर आई म्हणते मीही येते. वय ६८, रोज सारसबागेत चालते. तिला तिथे कंटाळा येईल का? आणि खायचं काय न्यायचं?

उत्तर : आईंना जरूर न्या. फक्त पहिल्याच दिवशी एग्वी द्यू मिदी या शिखराच्या केबल कारमधे बसवू नका, गावातून पाऊण तासाच्या आत ३,८४२ मीटरवर नेऊन सोडतात, चांगल्या धडधाकट माणसालाही गरगरतं. बीपी किंवा हार्टचं काही असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय नकोच. त्यापेक्षा माँतांव्हेरची लाल रेल्वे बघा, १९०८ ची, १,९१३ मीटरपर्यंत जाते आणि समोर हिमनदी. रेसच्या दिवशी त्यांना फिनिशजवळ खुर्ची बघून बसवा, हातात घंटी द्या, तिथे लोक गायीच्या गळ्यातल्या घंटा वाजवून चिअर करतात.

खायला थेपले, शेंगदाण्याची चिक्की, मेतकूट, भाजके पोहे खुशाल न्या. तुपाचा डबा, खवा, पनीर नाही, बाहेरून आलेले दुधाचे पदार्थ तिथे कस्टम्सवर काढून घेतात. आईंना आत्ताच सांगा, नाहीतर एअरपोर्टवर साजूक तुपावरून वाद होईल आणि तुम्ही मधे सापडाल.