नवा प्लॉटर घेण्याआधी

अरे, बोटीवर नवा प्लॉटर, म्हणजे नकाशावर बोटीची जागा दाखवणारं यंत्र, घ्यायचं म्हणतोस, तर त्याच्या आधी मल्टिमीटर, म्हणजे वायरिंग तपासायचं मीटर, घे. जुन्या बोटीत यंत्राआधी वायर खराब होते. माझा फिशफाइंडर (पाण्याखालचे मासे दाखवणारं यंत्र) इंजिनला स्टार्टर मारला की बंद पडायचा. नवा घ्यायला निघालो होतो, तर दोष निघाला निगेटिव्ह वायरच्या टोकाला असलेल्या, हिरव्या पडलेल्या थिंबलमध्ये (जोडणीच्या धातूच्या टोपीत)! खाऱ्या हवेत साधं तांबं काळं पडतं, म्हणून कथील चढवलेलीच वायर टाक. बोटीवरची यंत्रं एकमेकांशी ठरलेल्या भाषेत बोलतात: जुनी बहुधा एनएमईए ०१८३, नवी एनएमईए २०००. जुनं-नवं जोडायला मध्ये कन्व्हर्टर लागेल. २००० च्या मुख्य केबलच्या दोन्ही टोकांना १२० ओमचे टर्मिनेटर (टोकाला लावायचे रोधक) लाव, दोनच. पैसे मोजके असतील तर आधी डीएससीवाला (बटण दाबून संकटाचा संदेश पाठवणारा) व्हीएचएफ रेडिओ घे आणि जीपीएसला जोड, नाहीतर संकटात त्याचं लाल बटण दाबूनही तुझी जागा आपोआप जाणार नाही. रडारचं नंतर बघू. आणि होकायंत्राशेजारी स्पीकर नको, त्यातल्या चुंबकामुळे काटा भलतीकडेच बघतो.