ॲक्सोलॉटलला खायला काय द्यायचं?

ॲक्सोलॉटल म्हणजे आयुष्यभर पाण्यातच राहणारा, शेपटीवाला उभयचर प्राणी. त्याचं मुख्य खाणं गांडूळच ठेव. मऊ, प्रथिनांनी भरलेलं, सहज गिळता येणारं. पण द्राक्ष-डाळिंबाच्या बागेतली उचलून आणू नकोस, फवारणीचं औषध त्यांच्यात उतरलेलं असतं. गांडूळखताच्या बेडमधली लाल जात कडवट, बरेच ॲक्सोलॉटल ती थुंकतात. गरम पाण्यात बुडवून, धुऊन, तुकडे करून बघ. पिल्लांना रोज, मोठ्यांना दोन-तीन दिवसांनी एकदा. ब्लडवर्म (पाण्यातल्या बारीक लाल अळ्या) अधूनमधून ठीक. दुकानातले जिवंत मासे अजिबात नकोत, परजीवी येतात.

आणि एक कळकळीचं: सोलापूरच्या उन्हाळ्यात त्याने खाणं सोडलं तर आधी थर्मामीटर बघ. पाणी १६ ते १८ अंश हवं, इथे पारा चाळिशी ओलांडतो. चिलर, म्हणजे टाकीचं पाणी थंड ठेवणारं यंत्र, घेतल्याशिवाय तो प्राणी घरी आणूच नकोस.