कॉलेज सोडून वसंतदादांच्या वाटेनं जायचंय?

नमस्कार,

पलूस तालुक्यातून आलेलं तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. मुलगा मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला, दोन विषय राहिलेले, घरचा अडीच एकर ऊस, आणि दिवाळीला घरी आल्यापासून त्याचा एकच धोशा: कॉलेज सोडतो, शेती करतो, राजकारणात उतरतो. समजूत घालायला गेलं की म्हणतो, 'वसंतदादा कुठल्या कॉलेजात गेले होते? शेतकऱ्याचं पोर राज्यपाल झालं की नाही?' यावर काय बोलावं ते सुचेना, म्हणून तुम्ही मला लिहिलंत.

पोरानं माणूस चुकीचा निवडलेला नाही. म्हणून दादांचा विषय टाळू नका. उलट दादांबद्दलच बोला, फक्त अर्धवट नको.

वसंतदादा पाटलांचा जन्म १९१७ चा, गाव सांगलीजवळचं पद्माळे. दादा तान्हे असताना आईवडील प्लेगनं गेले, आजीनं वाढवलं. बेचाळीसच्या चळवळीत भूमिगत झाले, पुढे पकडले गेले आणि २४ जुलै १९४३ ला सहकाऱ्यांसह सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडले. पाठलागात त्यांच्या खांद्याला गोळी लागली, साथीदारांचे जीव गेले. तेव्हा त्यांचं वय पंचवीस. १९५२ ला सांगलीचे आमदार, मग सांगलीचा शेतकरी सहकारी साखर कारखाना, १९७७ ला मुख्यमंत्री. पुढच्याच वर्षी त्यांचं सरकार पडलं. १९८३ ला पुन्हा मुख्यमंत्री. राजस्थानचे राज्यपाल झाले ते १९८५ च्या नोव्हेंबरात, वय ६८. आणि मुदत पाच वर्षांची असताना दोन वर्षं भरायच्या आतच, १९८७ च्या ऑक्टोबरात, ते त्या पदावरून बाहेर पडले.

मुलाला विचारा, यातलं नेमकं काय हवंय? राजस्थानचं राज्यपालपद हवं असेल तर त्याची तयारी करताच येत नाही. आपल्याकडे राज्यपाल निवडून येत नाही. घटनेच्या १५५ व्या कलमाप्रमाणे राष्ट्रपती नेमतात, वयाची अट ३५ वर्षांची. त्याची परीक्षा नाही की अर्ज नाही. माझ्याकडे 'मला राज्यपाल व्हायचंय' म्हणणारा विद्यार्थी आला तर मी त्याला हेच सांगेन, की ही वाट नव्हे, वाटेवर कधी लागलंच तर लागणारं गाव आहे.

पण कारखाना हवा असेल, तर मात्र बोलण्यासारखं पुष्कळ आहे.

सहकारी कारखाना उभा करायचा म्हणजे काय, हे ऊस पिकवणाऱ्या तुम्हाला मी सांगायला नको, पण त्याच्या कानावर तुमच्या तोंडून जाऊ द्या. कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याकडून शेअरचे पैसे घ्यायचे, तेही कारखाना उभा नसताना, नुसत्या शब्दावर. उसाची नोंद, तोडीचा क्रम, टोळ्या, वाहतूक. ऊस तोडला की लगेच गाळपाला गेला पाहिजे, पडून राहिला की वजन घटतं, उतारा म्हणजे उसातून निघणारी साखर घटते, आणि कुणाची तोड आधी यावरून भावकीत भांडणं लागतात. गळीत हंगामात मिल बंद पडली तर वजनकाट्यापुढं गाड्यांची रांग लागते. हे सगळं रोज निस्तरत, माणसांचा विश्वास टिकवत दादा शिकले. ते कॉलेजात गेले नाहीत हे खरं, पण त्यांनी शिक्षण सोडलं होतं असं मला कधीच वाटलं नाही.

आणि एक गोष्ट तुमच्या मुलाला बहुधा कुणी सांगितलेली नाही. विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना महाराष्ट्रात परवानगी दिली ती वसंतदादांच्याच सरकारनं, १९८३ ला. त्याआधी जागा इतक्या थोड्या की आपली पोरं डोनेशन भरून कर्नाटकात जायची. स्वतः कॉलेज न पाहिलेल्या माणसानं हे दार उघडलं. सांगलीजवळ बुधगावला त्यांच्या नावाचं कॉलेज आहे, तेही त्याच वर्षाचं. त्या धोरणातून पुढं शिक्षणाचा बाजार झाला ही टीका मला मान्य आहे. फीच्या पायी जमीन विकलेले पालक माझ्यासमोर बसून रडले आहेत. तरीही खेड्यातल्या पहिल्या इंजिनिअरांची एक आख्खी पिढी त्या दारातूनच आत गेली.

आता माझं स्पष्ट मत. दोन विषय राहिले म्हणून आलेला हा कंटाळा आहे की शेतीची खरी ओढ, हे तुम्ही आणि मी ठरवू शकत नाही. येत्या सुट्टीत त्याला आठ दिवस एका तोडणी टोळीबरोबर पहाटेपासून राहू द्या. मग तुमच्या कारखान्यात ओळखीनं मिल आणि बॉयलर विभाग दाखवा. कारखान्याचा वार्षिक अहवाल सभासद म्हणून तुम्हाला मिळतोच. तो रद्दीत न टाकता त्याच्या हातात द्या आणि कर्ज, साठा, उतारा हे तीन आकडे त्याच्याकडून समजून घ्या. नाही समजले तर तो स्वतःच शोध घेईल.

त्यातून गोडी लागली, तर मेकॅनिकलची पदवी वाया जाणारी नाही. मिल, टर्बाइन, सहवीजनिर्मिती, डिस्टिलरी, सगळीकडे यंत्राचा माणूस लागतो. पुण्याजवळ मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे, तिथं साखर अभियांत्रिकी आणि मद्यार्क तंत्रज्ञानाचं शिक्षण मिळतं. सहकाराचं व्यवस्थापन शिकायचं तर पुण्यातच वैकुंठ मेहता संस्था आहे. राजकारणाची हौस असेल तर ग्रामपंचायत निवडणुकीला २१ वर्षं पूर्ण लागतात. तोवर ग्रामसभेला जाऊन बसायला त्याला कुणाची आडकाठी नाही. शेतकऱ्यांना कर्ज देणाऱ्या गावच्या सोसायटीचं दप्तर वाचता येणारा तरुण गावाला आजही हवाच आहे.

शेतीच करायची म्हणाला, तरी नाही म्हणू नका. फक्त अडीच एकरावर एका घराचा वर्षाचा हिशेब त्याच्याकडून वहीत लिहून घ्या: लागण, खत, पाणीपट्टी, तोडणी, सोसायटीचं व्याज, सगळं. तो हिशेब आणि त्याचं स्वतःच्या हातचं पत्र मला पाठवा. पुढचं उत्तर मी त्याला लिहीन.

तोवर राहिलेल्या दोन विषयांच्या फॉर्मची तारीख मात्र चुकू देऊ नका.