क्लोरीनच्या अणूची त्रिज्या एका तक्त्यात 99 पिकोमीटर (मीटरचा एक लाख कोटीवा भाग म्हणजे एक पिकोमीटर), दुसऱ्यात 175. खरी कोणती? आणि अणूला कडाच नसेल तर मोजतात तरी काय?

दोन्ही आकडे खरे आहेत, आणि त्याचं कारण तुमच्या दुसऱ्या प्रश्नातच दडलंय.

अणूचा आकार थेट कोणी मोजत नाही. इलेक्ट्रॉनांचा ढग बाहेरच्या बाजूला विरळ होत जातो. तो अमुक ठिकाणी संपला असं दाखवता येत नाही. मोजता येतं ते शेजारच्या दोन केंद्रकांमधलं अंतर. ते मोजायचं आणि निम्मं करायचं. क्लोरीनच्या रेणूत बंधाने जोडलेल्या दोन अणूंमध्ये हे अंतर जेमतेम 199 पिकोमीटर भरतं, म्हणून सहसंयुज त्रिज्या 99. तेच दोन अणू वेगवेगळ्या रेणूंतले असले, नुसते शेजारी टेकलेले, तर बरेच लांब राहतात. अनेक स्फटिकांतली अशी अंतरं पाहून ठरवलेली व्हॅन डर वाल्स त्रिज्या 175.

धातूचं उदाहरण तर स्वतः करून बघण्यासारखं आहे. तांब्याच्या भुकटीवर 154 पिकोमीटर तरंगलांबीचे क्ष-किरण सोडले की पहिला ठळक पट्टा किरणांच्या मूळ दिशेपासून 43.3 अंशांच्या आसपास मिळतो. ब्रॅग पितापुत्रांच्या समीकरणात (तरंगलांबी = 2 × थरांमधलं अंतर × कोनाचा साइन) त्याचा निम्मा कोन घाला. अणूंच्या थरांमधलं अंतर येतं 209. त्याला √3 ने गुणलं की घनाकृती एकक कोष्ठिकेची (स्फटिकात पुन्हा पुन्हा येणाऱ्या लहानशा ठोकळ्याची) कडा निघते 361. तांब्याचे अणू कोष्ठिकेच्या पृष्ठाच्या कर्णावर एकमेकांना टेकतात, म्हणजे कर्ण 511, त्यात चार त्रिज्या. उत्तर 128. (गंमत म्हणजे 154 चे ते क्ष-किरणही बहुतेक वेळा तांब्यापासूनच मिळवलेले असतात.)

असं निम्मं करणं मनमानी वाटेल, पण ते पडताळता येतं. हिऱ्यात कार्बन-कार्बन अंतर 154, निम्मं 77. त्यात क्लोरीनचे 99 मिळवा, 176 होतात. कार्बन टेट्राक्लोराइडमध्ये कार्बन-क्लोरीन बंधाची प्रत्यक्ष लांबी सुमारे 177 आहे. प्रत्येक जोडीत हिशोब इतका चोख जमत नाही, तरी कामापुरता जमतो.

खरी फसगत होते ती आवर्तसारणीत. अनेक पाठ्यपुस्तकांत तिसऱ्या आवर्ताची ओळ सोडियम 186, मॅग्नेशियम 160, ॲल्युमिनियम 143 अशी सुरू होते आणि क्लोरीनपाशी 99 वर येते. त्यातले पहिले तीन आकडे धातूच्या स्फटिकातले, पुढचे सहसंयुज बंधातले! त्याच ओळीत आर्गॉन 188 दिसला की विद्यार्थी बुचकळ्यात पडतात. आर्गॉन काही अचानक फुगलेला नाही. तो बंधच करत नसल्याने त्याची व्हॅन डर वाल्स त्रिज्या छापलेली असते. तिची तुलना क्लोरीनच्या 175 शी करायला हवी, 99 शी नाही.

एकाच मापाने मोजलं तर मात्र हे आकडे फार काही सांगून जातात. झिर्कोनियम आणि आवर्तसारणीत त्याच्याच खालचा, म्हणून मोठा असेल असं वाटणारा हाफ्नियम: धातू म्हणून त्रिज्या 160 आणि 159. मध्ये लँथेनाइडांची (लँथेनमपासून सुरू होणाऱ्या मूलद्रव्यांची) अख्खी रांग भरताना वाढलेला केंद्रकाचा धन विद्युतभार इलेक्ट्रॉनांना आत ओढतो. परिणामी अणू तेवढाच, वजन जवळपास दुप्पट, आणि घनता दर घन सेंटिमीटरला 6.5 ग्रॅमवरून 13.3 वर.