‘द्या’ नव्हे, ‘भरून द्या’

येशूच्या एका वचनाबद्दल प्रश्न असा आला आहे (कैसर म्हणजे रोमी सम्राट): “‘कैसराचे ते कैसराला आणि देवाचे ते देवाला भरून द्या’ या वचनात नुसते ‘द्या’ का नाही? आणि राजकारण कैसराचे, भक्ती देवाची, तेव्हा ख्रिस्ती माणसाने राजकारणापासून लांब राहावे, असाच याचा अर्थ ना?”

नाही. आणि तो तसा का नाही, हे ‘भरून’ या शब्दातच आहे.

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 22व्या अध्यायात परूशी (एक यहूदी धर्मपंथ) आणि हेरोदी (हेरोद राजाच्या पक्षाचे लोक) येशूला विचारतात, कैसराला कर द्यावा की नाही? ‘द्या’ म्हटले तर रोमी सत्तेखालचे यहूदी लोक बिथरणार, ‘देऊ नका’ म्हटले तर रोमी सुभेदाराच्या कानावर जाणार. मूळ ग्रीक मजकुरात त्यांच्या तोंडचे क्रियापद साधे ‘देणे’ आहे. येशू ते बदलतो आणि म्हणतो, ‘आपोदोते’: ज्याचे त्याला परत करा, देणे चुकते करा. जक्कय जकातदार लुबाडलेले चौपट परत करतो म्हणतो (लूक 19), तिथे हेच क्रियापद आहे. कर आणि सन्मान ज्याचा त्याला द्या असे प्रेषित पौल रोममधल्या ख्रिस्ती मंडळीला पत्रात लिहितो (रोमकरांस 13:7), तिथेही हेच.

आता मराठीकडे बघा. भीक आपण देतो, देणगी देतो. पण घरपट्टी भरतो, वीजबिल भरतो, नुकसान भरून देतो. नुसते ‘द्या’ असते तर कर म्हणजे आपली मेहेरबानी वाटली असती. भाषांतरकारांच्या या एका शब्दावर माझा फार जीव आहे.

मग किती भरायचे? येशू नाणे मागवतो. दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. तेव्हाचा सम्राट तिबेरियस याच्या दिनारावर त्याचा चेहरा आणि भोवती ‘दिव्य ऑगस्टसचा पुत्र’ अशी अक्षरे असत. हे चित्र कोणाचे, असे येशू विचारतो. चित्रासाठी शब्द आहे ‘ऐकोन’. देवाने माणूस आपल्या प्रतिरूपाचा घडवला, या बायबलच्या ‘उत्पत्ती’ पुस्तकातल्या वाक्याच्या जुन्या ग्रीक भाषांतरात हाच शब्द आहे. नाण्यावर कैसराची छाप, म्हणून नाणे त्याचे. माणसावर छाप देवाची. म्हणजे ही दोन खात्यांची सारखी वाटणी नव्हेच; कैसर स्वतःसुद्धा दुसऱ्या खात्यात येतो.

आपल्याकडे तर आता कैसरच नाही. संविधान ‘आम्ही, भारताचे लोक’ असे सुरू होते, त्यामुळे ग्रामसभेला बसणे, मत देणे, जाब विचारणे हेही मला भरण्यातलेच वाटते. ‘मतदान’ शब्दातल्या ‘दाना’ने इथे थोडी फसगत होते.

लांब राहण्याबद्दल म्हणाल, तर बायबलातले ‘प्रेषितांची कृत्ये’ हे पुस्तक, अध्याय 16 वाचा. फिलिप्पै शहरात पौल आणि त्याचा सोबती सीला यांना चौकशीविना फटके मारून तुरुंगात टाकले. सकाळी निरोप आला, सोडले आहे, निघून जा. पौल जागचा हलला नाही. आम्ही रोमी नागरिक आहोत, म्हणाला, त्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर न्यावे. आणि अधिकाऱ्यांना यावे लागले.